शेवटची पायरी नसलेली शिडी

१९ नोव्हेंबर २०२२. कंपनीने मला चार महिन्यांसाठी वेल्समध्ये ऑनसाइट पाठवलं होतं. क्लायंटच्या ऑफिसातल्या एकाने शुक्रवारी दुपारी माझ्या टेबलावर तिकीट ठेवलं आणि म्हणाला, "उद्या वेल्स-जॉर्जिया आहे. तू रग्बी बघतोस ना? मी नाही जात, जॉर्जियाच आहे समोर." तिकिटाचे पैसेही त्याने घेतले नाहीत. पुण्यात इंजिनिअरिंग करताना मी दोन वर्षं रग्बी खेळलो होतो, म्हणजे मुख्यतः चिखलात पडलो होतो. त्यामुळे कार्डिफचं ते स्टेडियम माझ्यासाठी देऊळच होतं. ते फुकट बघायला मिळतंय म्हटल्यावर समोर कोण आहे याची मला काहीच पडली नव्हती.

मध्यंतराला वेल्स १२-३ पुढे. लोक बिअर आणायला गेले ते निवांत परत आले. मग जॉर्जियाच्या सांद्रो तोदुआने ट्राय केला आणि फरक दोन गुणांवर आला. सामना संपायला काही क्षण उरले असताना लुका मात्काव्हा नावाच्या बदली खेळाडूने पेनल्टीवर चेंडू खांबांमधून पलीकडे धाडला. १३-१२. वेल्स घरच्या मैदानावर जॉर्जियाकडून हरलं. महिन्याभरातच वेल्सच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली.

माझ्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे टाळ्या वाजवल्या. "यांना आता आत घ्यायलाच हवं," ते म्हणाले. आत म्हणजे सिक्स नेशन्समध्ये. मी विचारलं, "कुणाच्या जागी?"

"इटलीच्या. आणखी कुणाच्या?"

त्याच मैदानावर आठ महिन्यांपूर्वी इटलीने वेल्सला २२-२१ हरवलं होतं, हे त्यांना ठाऊक नसणं शक्य नव्हतं. पण ते त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. गेली तीन वर्षं मी या विषयावर जे जे वाचलं, ज्याच्या त्याच्याशी वाद घातला, त्याचं सार मला त्या एका उत्तरात दिसतं. जॉर्जियाला आत घ्यावं असं जवळपास सगळ्यांना वाटतं. फक्त खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी जावी.

आणि मग प्रश्न येतो की हे ठरवायचं कुणी? युरोपभरच्या रग्बीसाठी एक खंडीय नियामक संस्था आहे. तिचं नाव रग्बी युरोप. कार्यालय पॅरिसला, सभासद संघटना चाळीसहून अधिक. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या खंडातली मुख्य स्पर्धा जिच्या हातात नाही, त्या स्पर्धेत कोण खेळणार यावर जिला चकार शब्द काढता येत नाही, ती संस्था नियामक नाही. ती प्रतीक्षालय सांभाळते. आणि रग्बी युरोपचा अपराध असा की ते प्रतीक्षालय आहे हे ती मान्यही करत नाही.

*

ज्यांनी रग्बी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिक्स नेशन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि इटली यांच्यात दर फेब्रुवारी-मार्चमध्ये होणारी स्पर्धा. युरोपातल्या रग्बीचा पैसा, प्रेक्षक, टीव्ही, प्रतिष्ठा यांतलं जवळपास सगळं इथेच. ही स्पर्धा रग्बी युरोपची नाही. ती सहा संघटनांच्या मालकीच्या कंपनीची आहे आणि २०२१ मध्ये त्या कंपनीचा एक सप्तमांश हिस्सा सीव्हीसी नावाच्या गुंतवणूक कंपनीने साडेछत्तीस कोटी पौंडांपर्यंतच्या किमतीला घेतला. तळाला राहणारा संघ पुढच्या वर्षीही तिथेच असतो. इटलीचा संघ २०१५ पासून २०२२ पर्यंत या स्पर्धेत लागोपाठ ३६ सामने हरला आणि दर फेब्रुवारीला पुन्हा मैदानात उतरला.

या सहांच्या खाली रग्बी युरोप चॅम्पियनशिप आहे. तिच्याखाली ट्रॉफी, तिच्याखाली कॉन्फरन्स. या पायऱ्यांवर मात्र कडक शिस्त आहे. तळाला राहिलात की खाली जायचं, खालचा जिंकला की वर यायचं. एखादा छोटा देश अगदी खालून सुरुवात करून, वर्षानुवर्षं जिंकत, खंडात सातव्या क्रमांकापर्यंत पोचू शकतो. सहाव्या क्रमांकापर्यंत मात्र नाही. शिडी उत्तम बांधलेली आहे, पायऱ्या मजबूत आहेत, फक्त सर्वात वरची पायरी बसवलेलीच नाही.

जॉर्जिया याच शिडीच्या टोकाला उभा आहे. २०१८ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी ही चॅम्पियनशिप त्यानेच जिंकली. जेमतेम सदतीस लाखांचा देश. तिथे गुरिया प्रांतात ईस्टरला गावातले दोन तट एका जड चेंडूसाठी झुंजतात, त्या खेळाचं नाव लेलो बुर्ती. शुखुती गावात जिंकणारा तट तो चेंडू नेऊन गावातल्या एखाद्या लाडक्या मृताच्या थडग्यावर ठेवतो. राष्ट्रीय संघाचं टोपणनाव 'लेलो' तिथूनच आलं. त्यांचे प्रॉप म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतले धिप्पाड खांब, आणि ते फ्रान्समधल्या क्लबांत पिढ्यान् पिढ्या खेळत आलेत. पण सिक्स नेशन्समधला एखादा राष्ट्रीय संघ तिबिलिसीला कसोटी खेळायला पहिल्यांदा आला तो २०१९ मध्ये. तो स्कॉटलंड होता, आणि तेही विश्वचषकाच्या सरावासाठी.

काही वर्षांपूर्वी सिक्स नेशन्सचे तेव्हाचे मुख्याधिकारी जॉन फीहन यांनी जॉर्जिया किंवा रोमानिया यांच्या अडचणींवर उपाय शोधणं हे आमचं काम नाही, अशा अर्थाचं विधान केलं होतं. त्यावर बराच गदारोळ झाला. मला वाटतं फीहन बरोबर बोलत होते. सहा मालकांची कंपनी मालकांचं हित बघणार, सातव्याचं बघणार नाही. कंपनीला लाज वाटावी अशी अपेक्षा करणं हे प्रेशर कुकरकडून प्रेमाची अपेक्षा करण्यासारखं आहे. ज्याचं ते काम आहे त्याने काय केलं, हा खरा प्रश्न आहे. आणि ते काम रग्बी युरोपचं आहे.

*

या संस्थेचा जन्मच मुळी बाहेर काढलेल्यांच्या रागातून झाला, म्हणून तिची आजची गुळमुळीत भूमिका जास्त खटकते.

१९३१ मध्ये ब्रिटिश बेटांवरच्या चार संघटनांनी फ्रान्सशी संबंध तोडले. कारणं दोन: फ्रेंच क्लब खेळाडूंना चोरून पैसे देतात आणि त्यांच्या मैदानांवर मारामाऱ्या होतात. म्हणजे फ्रान्सला वाळीत टाकलं. मग १९३४ मध्ये फ्रान्सने इटली, जर्मनी, रोमानिया वगैरे देशांना हाताशी धरून 'फिरा' ही संघटना उभी केली. ज्यांना तुम्ही पंगतीला बसू देत नाही, ते आपली पंगत मांडतील, असा तो बाणा होता. हीच 'फिरा' पुढे १९९९ मध्ये युरोपपुरती झाली आणि २०१४ मध्ये तिने 'रग्बी युरोप' हे नाव घेतलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सला पुन्हा आत घेतलं गेलं. तरी कित्येक दशकं तो 'फिरा'च्या स्पर्धेतही खेळत राहिला आणि त्याचा थेट परिणाम रोमानियावर दिसला. फ्रान्सशी नियमित खेळून रोमानिया इतका तयार झाला की १९६० मध्ये त्याने फ्रान्सला हरवलं आणि १९८० मध्ये बुखारेस्टला १५-० असं कोरडं ठेवून हरवलं. १९८३ मध्ये वेल्सला २४-६. १९८४ मध्ये स्कॉटलंडला, तेही स्कॉटलंडने फाइव्ह नेशन्सचे सगळे सामने जिंकले होते त्याच वर्षी. १९८८ च्या डिसेंबरात रोमानियाने कार्डिफमध्ये जाऊन वेल्सला १५-९ हरवलं. मी ज्या शहरात बसून जॉर्जियासाठी टाळ्या वाजवल्या, तिथेच ३४ वर्षांपूर्वी अशाच टाळ्या वाजल्या असणार. तेव्हाही कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं असेल, की यांना आता आत घ्यायलाच हवं.

घेतलं नाही. वर्षभरात रोमानियात क्रांती झाली. राष्ट्रीय संघाकडून खेळलेला फ्लोरिका मुरारियू त्या धामधुमीत गोळी लागून मेला. सैन्य आणि सरकारी खात्यांच्या पैशावर उभे असलेले क्लब कोसळले, चांगले खेळाडू फ्रान्सला गेले. नेमकं तेव्हा या देशाला वर्षाला पाच मोठे सामने आणि त्यांचे पैसे मिळायला हवे होते. त्याऐवजी काय झालं ते नोव्हेंबर २००१ मध्ये ट्विकनहॅमच्या फलकावर दिसलं: इंग्लंड १३४, रोमानिया ०. त्यानंतर रोमानियाला आत घेण्याची चर्चा कुणी केली नाही. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

इटलीचं उलट झालं. मार्च १९९७ मध्ये ग्रेनोबलला इटलीने फ्रान्सला ४०-३२ हरवलं. तो सामना कुठल्या स्पर्धेचा होता? 'फिरा'च्या करंडकाचा अंतिम सामना होता तो. खंडीय संस्थेच्या मैदानात इटलीने आपली लायकी सिद्ध केली आणि तीन वर्षांत, २००० मध्ये, पाचाचे सहा झाले. म्हणजे शिडीची शेवटची पायरी एकेकाळी, निदान एका देशापुरती, चढता येत होती. इटली वर चढला आणि त्यानंतर ती काढून घेतली गेली. फ्रान्स 'फिरा'चा संस्थापक, इटली संस्थापकांपैकी एक. दोघेही आज दाराच्या आतल्या बाजूला उभे आहेत आणि दार लावलेलं आहे.

*

रग्बी युरोपचे लोक म्हणतील की आम्ही स्पर्धा भरवतो, पंच घडवतो, छोट्या देशांत खेळ रुजवतो. खरं आहे. पण तेवढ्याच कामात या संस्थेने काय दिवे लावले तेही बघू.

१८ मार्च २०१८, ब्रुसेल्स. बेल्जियम विरुद्ध स्पेन. स्पेन जिंकला तर २०१९ च्या विश्वचषकात थेट जाणार होता, हरला तर त्याच्या जागी रोमानिया. रग्बी युरोपने या सामन्याला पंच नेमला तो रोमानियाचा. स्पेनने आधीच हरकत घेतली होती, ती फेटाळली गेली. रग्बी युरोपचे तेव्हाचे अध्यक्षही रोमानियाचेच होते. पंच अप्रामाणिक होता असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही आणि त्याची गरजही नाही. आमच्याकडे नवशिक्या मुलालाही पहिल्या महिन्यात शिकवतात की स्वतःचा कोड स्वतः तपासून मंजूर करायचा नसतो. तुम्ही कितीही सज्जन असा. स्पेन १०-१८ हरला. शिट्टी वाजल्यावर स्पेनचे काही खेळाडू पंचाच्या अंगावर धावून गेले आणि त्यांच्यावर नंतर बंदी आली.

पुढचं आणखी मजेदार. चौकशी सुरू झाल्यावर निघालं की स्पेन, रोमानिया आणि बेल्जियम या तिघांनीही अपात्र खेळाडू खेळवले होते. तिघांचे गुण कापले गेले आणि विश्वचषकात रशिया गेला. एकाच स्पर्धेतले तीन देश हंगामभर अपात्र खेळाडू उतरवतात आणि ती चालवणाऱ्या संस्थेला पत्ता नसतो. जॉर्जियासाठी भांडण्याची ताकद या संस्थेत का नाही, याचं एक उत्तर इथे आहे. ज्याची स्वतःच्या घरातली वही नीट नाही, तो सावकाराच्या दारात उभा राहून हिशेब मागू शकत नाही.

*

दुसरं उत्तर मतांत आहे. जागतिक संघटनेच्या परिषदेत २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत एकूण ५१ मतं होती. त्यांतली सिक्स नेशन्सच्या सहा देशांची प्रत्येकी तीन, म्हणजे १८. दक्षिणेकडच्या चार मोठ्या देशांची १२. जॉर्जियाचं एक, रोमानियाचं एक. आणि सहा खंडीय संस्थांची प्रत्येकी दोन. चाळीसहून अधिक सभासदांच्या रग्बी युरोपला दोन आणि एकट्या वेल्सला तीन. त्यातून ते सहा देश रग्बी युरोपचेही सभासद आहेतच. म्हणजे वरच्या सभेत स्वतःची १८ मतं, शिवाय खालच्या सभेतही खुर्ची.

ती निवडणूक बिल ब्यूमाँट यांनी अर्जेंटिनाच्या अगुस्तिन पिचोत यांच्याविरुद्ध २८-२३ अशी जिंकली. २०२४ ची निवडणूक तर २७-२५ अशी सुटली. हे आकडे नीट बघा. दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर २०२४ चा निकाल फिरला असता. दोनच मतं! म्हणजे रग्बी युरोप अगदीच दुबळी नाही. तिच्या हातात मोक्याच्या वेळी निकाल फिरवतील एवढी मतं आहेत. तिला एवढंच म्हणता आलं असतं की आमची दोन मतं त्यालाच, जो युरोपातल्या शेवटच्या पायरीबद्दल लेखी बोलेल. असं काही जाहीरपणे झाल्याचं मला आढळलं नाही.

उलट ऑक्टोबर २०२३ मध्ये परिषदेने २०२६ पासूनच्या नव्या नेशन्स चॅम्पियनशिपला मंजुरी दिली. त्यात सिक्स नेशन्सचे सहा, दक्षिणेचे चार, शिवाय जपान आणि फिजी असे बारा संघ. खालच्या विभागातून वर येण्याची सोय २०३० पासून. आणि सिक्स नेशन्स ही स्पर्धा या सगळ्यात जशीच्या तशी. कार्डिफमध्ये ती पेनल्टी मारणारा मात्काव्हा तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. खेळाडूचं आयुष्य आणि समितीचं आयुष्य यांची घड्याळं वेगळी असतात.

*

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. मी ते खोटे मानत नाही.

पहिला: जॉर्जिया तेवढा चांगला नाही. २०२० च्या शरद स्पर्धेत जपानच्या जागी त्याला बोलावलं, तेव्हा इंग्लंडने ४०-० आणि वेल्सने १८-० हरवलं. चारही सामने गेले. २०२३ च्या विश्वचषकात तो एकही सामना जिंकला नाही, वेल्सने ४३-१९ असा वचपा काढला. सगळं खरं. पण मी जॉर्जियाला खुर्ची द्या असं म्हणतच नाहीये. सामना द्या म्हणतोय. सहाव्या आणि सातव्या संघात दर दोन वर्षांनी दोन सामने, एक इथे, एक तिथे. जॉर्जिया हरला तर हरला, खाली जाईल, पुन्हा येईल. तो कमी पडतो याची ज्यांना एवढी खात्री आहे, त्यांना त्या सामन्याची भीती का वाटावी? आणि तोवर पोर्तुगालही तयार झालेला असेल. २०२३ च्या विश्वचषकात त्याने जॉर्जियाला १८-१८ असं रोखलं आणि तुलूझला फिजीला २४-२३ हरवलं. माझा मुद्दा जॉर्जिया या एका देशापुरता नाही. ज्या कुणाची पाळी असेल त्याच्यासाठी तो आहे.

दुसरा: पैसा. खाली गेलेल्या संघटनेचं वर्षाचं अंदाजपत्रक कोसळेल. स्कॉटलंड किंवा वेल्स एक वर्ष बाहेर राहिलं तर तिथल्या क्लबांचे पगार कुठून यायचे? हा मुद्दा गंभीर आहे आणि मी तो चेष्टेवारी नेणार नाही. वेल्सने २०२४ आणि २०२५ ला सिक्स नेशन्समध्ये एकही सामना जिंकला नाही, सगळ्या मिळून लागोपाठ १८ कसोटी हरल्यावर जुलै २०२५ मध्ये जपानला हरवून सुटका झाली. म्हणजे कार्डिफमधल्या त्या गृहस्थांच्या हिशेबात खाली जाणारा देश इटली होता आणि प्रत्यक्षात तो त्यांचाच निघाला. वेल्समधली गावं रग्बीवर किती जीव टाकतात हे मी चार महिने बघितलंय. ते बुडावेत असं मला वाटत नाही. पण यावर उपाय आहे. खाली जाणाऱ्याला दोन वर्षं कमी होत जाणारा वाटा द्यावा. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये हे कित्येक वर्षं चालू आहे. आणि एक आठवण: वेल्सच्या अंदाजपत्रकाची काळजी करणाऱ्यांपैकी कुणी १९९० मध्ये रोमानियाच्या अंदाजपत्रकाची काळजी केली नव्हती.

तिसरा मुद्दा परंपरेचा. सिक्स नेशन्स हे शंभराहून जास्त वर्षांचं कुटुंब आहे वगैरे. परंपरेला माझा विरोध नाही, मी गणपतीत ढोल वाजवणारा माणूस आहे. पण ज्या परंपरेत एका सभासदाला १९३१ मध्ये हाकलता येतं, युद्धानंतर परत घेता येतं आणि २००० मध्ये नवा भरता येतो, तिला जन्माने मिळालेलं कुटुंब म्हणता येत नाही. ती लोकांनी घेतलेल्या निर्णयांची साखळी आहे, आणि तिच्यात आणखी एक निर्णय जोडता येतो.

*

खंडीय संस्था कशी असू शकते हे बघायला लांब जायला नको. जॉर्जियाच पुरे. जून २०२४. युरोपच्या फुटबॉल स्पर्धेत जॉर्जिया पहिल्यांदाच खेळत होता. मार्चमध्ये तिबिलिसीत ग्रीसला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तो तिथे आला होता. सहभागी संघांत त्याचा जागतिक क्रमांक सर्वात खालचा. गटातल्या शेवटच्या सामन्यात त्याने रोनाल्डोच्या पोर्तुगालला २-० हरवलं आणि शेवटच्या सोळांत पोचला. युएफा काही संतांची संस्था नाही, तिच्या भ्रष्टाचाराच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. पण तिची शिडी सान मारिनोपासून स्पेनपर्यंत एकसंध आहे, कारण युरोपची मुख्य स्पर्धा तिच्या मालकीची आहे. जॉर्जियाचा फुटबॉल संघ त्याच्या रग्बी संघाइतका वरचा नाही. तरी तो एका रात्री पोर्तुगालला घरी पाठवायच्या तयारीने मैदानात उतरू शकतो, आणि रग्बीवाल्यांना मात्र सहाव्या संघाशी एक सामना मागत बसावं लागतं.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. आशियाई क्रिकेट परिषदेबद्दल चांगलं लिहायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं, पण २०२३ मध्ये नेपाळने त्या परिषदेची प्रीमियर कप स्पर्धा कीर्तिपूरला जिंकली आणि त्याच वर्षी आशिया चषकात भारताविरुद्ध खेळून २३० धावा केल्या. खाली जिंकलात, वर या. इतकं साधं. ज्या परिषदेत भारत-पाकिस्तान कुठल्या देशात खेळणार यावरच निम्मं वर्ष जातं, तिला जे जमतं ते पॅरिसच्या कार्यालयाला जमत नाही.

मात्र क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर आपल्याला सोयीस्कर ठिकाणी थांबता येणार नाही. कार्डिफमध्ये त्या संध्याकाळी मी मोठ्या तावातावाने सहा देशांच्या मक्तेदारीला शिव्या घालत होतो. रूमवर आलो आणि लक्षात आलं की मी ज्या देशाचा आहे तो क्रिकेटमध्ये एकट्यानेच सहा देशांइतका आहे. कसोटी अजिंक्यपदात नऊ संघ. अफगाणिस्तान, आयर्लंड आणि झिम्बाब्वे पूर्ण सभासद असूनही त्यात नाहीत. वर येण्याची वाट नाही. आयसीसीच्या २०२४ ते २०२७ च्या उत्पन्नातला सुमारे ३८ टक्के वाटा एकट्या भारतीय मंडळाला असल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले होते. मीही टाकला होता.

इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात दरवर्षी जो कलकत्ता कप दिला जातो, तो १८७८ मध्ये बंद पडलेल्या कलकत्त्याच्या क्लबने बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून घडवलेला. रुपये आपले, करंडक त्यांचा, स्पर्धा बंद. ही गोष्ट सांगून आपण हळहळतो. पण क्रिकेटमध्ये चांदी आपली, करंडकही आपला आणि दारावरचा रखवालदारही आपलाच. जॉर्जियाची बाजू घ्यायची तर नेपाळची घ्यावी लागते. नाहीतर तो नुसता दुसऱ्याच्या घरातला न्याय होतो.

*

रग्बी युरोपने काय करावं, हे सांगून थांबतो. तक्रार केली की सोबत उपाय द्यावा, एवढं इंजिनिअरिंगने शिकवलंय.

एक, सिक्स नेशन्सचा तळाचा संघ आणि आपला विजेता यांच्यातल्या दोन सामन्यांच्या लढतीचा ठराव आपल्या सर्वसाधारण सभेत मांडावा. सहा देश तिथे सभासद म्हणून बसलेले असतात, त्यांना हात वर करून नाही म्हणू दे. आज त्यांना नाही म्हणायची वेळच येत नाही, कारण कुणी औपचारिकपणे विचारत नाही. दोन, तोवर सहांपैकी प्रत्येकाने चार वर्षांतून निदान एकदा तिबिलिसी, लिस्बन, बुखारेस्ट किंवा माद्रिदला राष्ट्रीय संघ पाठवावा, अशी अट जागतिक परिषदेत मागावी. तीन, आपली दोन मतं या दोन गोष्टींना जाहीरपणे बांधावी. चार, पात्रतेचा सामना असेल तिथे ज्या देशाचा निकालाशी संबंध आहे त्याचा पंच नेमायचा नाही, हे नियमात लिहावं. आणि यातलं काहीच करणं शक्य नसेल, तर पाच: नाव बदलावं. या संस्थेने तीन नावं आधी घेतलीच आहेत, चौथ्याने फार फरक पडणार नाही. पण ज्या खंडावर आपलं काही चालत नाही त्याचं नाव पाटीवर लावू नये.

माझी घाई मात्र वेगळ्याच कारणासाठी आहे. रोमानियाचा संघ १९८८ मध्ये कार्डिफला जिंकला तेव्हा कुणालाही वाटलं नसेल की तेरा वर्षांनी हाच देश १३४ गुणांनी हरेल. एखाद्या छोट्या देशात खेळ शिखरावर असतो तो काळ फार थोडा असतो. एक सरकार पडतं, एक धनिक हात आखडता घेतो, एक पिढी फुटबॉलकडे वळते, आणि खेळ संपतो. पोरं तीच असतात, मैदानंही तीच असतात. आत असणाऱ्यांना असे वाईट दिवस परवडतात. इटलीला ३६ पराभव परवडले, वेल्सला १८ परवडले. बाहेर असणाऱ्याला पाचही परवडत नाहीत, कारण सहाव्याच्या आत लोक म्हणायला लागतात, बघा, सांगत नव्हतो?

त्या शनिवारी सामना संपल्यावर जॉर्जियाचे खेळाडू बराच वेळ मैदान सोडत नव्हते. कोपऱ्यात त्यांचे थोडेसे पाठीराखे होते, त्यांच्यासमोर ते उभे होते. माझ्या शेजारचे गृहस्थ उठले, कोटाची बटणं लावली आणि जाता जाता म्हणाले, "पुन्हा कधी येतील कोण जाणे." ते सहज बोलले होते. पण कोण जाणे, हे उत्तर असता कामा नये. ते जाणायचं, ठरवायचं आणि कागदावर लिहायचं काम कुणाचं तरी आहे, आणि त्या कुणाचं तरी कार्यालय पॅरिसला आहे.